छपराची तालीम झाली, माणसांची राहिली: हीथ्रोच्या टर्मिनल ५ चं प्रकरण

२७ मार्च २००८, गुरुवार. पहाटे पाचच्या आत हाँगकाँगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नव्या कोऱ्या टर्मिनल ५ ला लागलं. दोनच आठवड्यांपूर्वी, १४ मार्चला, राणीच्या हस्ते या इमारतीचं उद्घाटन झालं होतं. त्या गुरुवारची दुपार टळेपर्यंत चेक-इनवर सामान घेणंच थांबवावं लागलं. हातातल्या पिशवीवर जायची तयारी असेल तर जा, नसेल तर तिकीट पुढच्या तारखेचं करून घ्या, असं प्रवाशांना सांगण्यात आलं. पहिल्या पाच दिवसांत पाचशेच्या आसपास उड्डाणं रद्द झाली, वीस हजारांहून अधिक बॅगा मालकांपासून तुटल्या आणि विमान कंपनीला सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांचा फटका बसला. लंडनमध्ये बॅगांची वर्गवारी आवरेना, तेव्हा त्यातल्या काही ट्रकमध्ये भरून थेट इटलीत मिलानला पाठवल्या गेल्या.

एवढंच वाचलं तर वाटेल, ढिसाळ कारभाराचं आणखी एक उदाहरण. पण हे प्रकरण अभ्यासाला घ्यावंसं वाटतं ते नेमकं उलट कारणासाठी. ४३० कोटी पौंडांचा हा प्रकल्प ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या पैशांत पूर्ण झाला होता. एवढ्या आकाराच्या बांधकामात ही गोष्ट दुर्मीळच. उद्घाटनाच्या आदल्या दिवसापर्यंत टर्मिनल ५ कडे प्रकल्प कसा चालवावा याचा नमुना म्हणून बोट दाखवलं जात होतं. मग एका गुरुवारात असं काय बिघडलं? माझ्या मते त्या दिवशी नवीन काही बिघडलं नाही. ज्या एका सवयीने इमारत वेळेत उभी राहिली, ती सवय शेवटच्या सहा महिन्यांत सुटली, आणि सुटली ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आधी दुसऱ्यांच्या चुका मोजल्या

टर्मिनल ५ चा मालक होता बीएए, म्हणजे हीथ्रो चालवणारी कंपनी. परवानगीच्या चौकशीची सुनावणी मे १९९५ मध्ये सुरू झाली ती मार्च १९९९ पर्यंत चालली. बांधकामाच्या परवानगीसाठी ब्रिटनमध्ये झालेली ही सर्वांत लांबलेली चौकशी. मंजुरी मिळाली नोव्हेंबर २००१ मध्ये आणि बांधकाम सुरू झालं २००२ मध्ये. इतकी वर्षं अडकून पडलेला माणूस एरवी वैतागून जाईल. बीएएने त्या वेळात एक काम केलं. ब्रिटनमध्ये आधीच्या दशकात झालेले शंभर कोटी पौंडांवरचे मोठे बांधकाम प्रकल्प आणि आधीच्या पंधरा वर्षांत जगभर सुरू झालेले आंतरराष्ट्रीय विमानतळ, या सगळ्यांचा काय अनुभव आला ते त्यांनी तपासलं.

निष्कर्ष अंगावर येणारा होता. नेहमीच्या पद्धतीने काम केलं तर टर्मिनल ५ दोन वर्षं उशिरा होईल, शंभर कोटी पौंड जादा लागतील आणि बांधकामावर सहा माणसं मरतील. अंदाजाच्या कागदावर मृत्यूचा आकडा लिहायला धाडस लागतं. बहुतेक आराखड्यांत सुरक्षिततेवर एक परिच्छेद असतो, आकडा नसतो. (प्रत्यक्षात दोन माणसं दगावली. दोन म्हणजे काही शून्य नाही, पण सहा लिहून ठेवल्यामुळे त्या विषयावर रोज बोलणं झालं असणार, एवढं म्हणता येतं.)

विमानतळांच्या त्या यादीत दोन नावं पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखी. डेन्व्हरचा विमानतळ ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडायचा होता. बॅगा वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा चालेना म्हणून तो फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला, म्हणजे सोळा महिने उशिरा. दुसरं नाव हाँगकाँग. जुना विमानतळ बंद करून सगळा पसारा एका रात्रीत नव्या जागी हलवला, ६ जुलै १९९८ ला उघडला, आणि पहिल्याच दिवशी उड्डाणांची माहिती देणारी संगणक यंत्रणा आणि मालवाहतूक, दोन्ही कोलमडली. मालासाठी जुना विमानतळ पुन्हा उघडावा लागला. म्हणजे एका रात्रीत सगळं हलवलं तर काय होऊ शकतं आणि बॅगांची यंत्रणा कसा घात करू शकते, हे दोन्ही धडे त्यांच्याकडे दहा वर्षं आधी होते.

जोखीम कुणाच्या खिशात

मोठ्या बांधकामात मालकाला वाटतं, पक्क्या किमतीचं कंत्राट केलं की आपण सुटलो. भाव चढले, पाऊस पडला, नकाशा चुकला तरी भुर्दंड कंत्राटदाराचा. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. प्रत्यक्षात कंत्राटदार आधी भाव वाढवून जोखमीचा पैसा लावतो, आणि तरीही अंगाशी आलं की प्रत्येक बदलाचं पत्र लिहून भांडायला उभा राहतो. त्याच काळात लंडनमध्ये वेम्बलीचं नवं स्टेडियम पक्क्या किमतीच्या कंत्राटावर बांधलं जात होतं. एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेचा २००६ चा अंतिम सामना तिथे व्हायचा होता. तो कार्डिफला खेळवावा लागला. स्टेडियम उघडलं २००७ मध्ये, आणि मुख्य कंत्राटदार व पोलादाचं काम करणारा उपकंत्राटदार यांचं भांडण कोर्टात गेलं.

बीएएने टर्मिनल ५ साठी वेगळा करार लिहिला. जोखीम सगळी मालकाची. पुरवठादाराला प्रत्यक्ष झालेला खर्च मिळेल, त्यावर ठरलेला नफा मिळेल, आणि काम ठरल्यापेक्षा चांगलं झालं तर बक्षिसाच्या रकमेतला वाटाही मिळेल. विमा सगळ्यांचा मिळून एकच. त्यामुळे काही अडलं की पहिला प्रश्न 'चूक कुणाची' असा येत नसे, कारण चूक कुणाचीही असली तरी पैसे एकाच खिशातून जाणार होते. पहिला प्रश्न यायचा, हे सुटणार कसं. वेगवेगळ्या कंपन्यांचे अभियंते एकाच गटात, एकाच खोलीत, एकाच संगणकीय नकाशावर बसायचे.

ही कल्पना हवेतून आली नव्हती. ऑक्टोबर १९९४ मध्ये हीथ्रो एक्स्प्रेस रेल्वेचा बोगदा बांधताना कोसळला. तेव्हा कंत्राटदारावर दावे ठोकण्याऐवजी बीएएने त्याच्याबरोबर एकच गट केला आणि काम पुढे नेलं. १९९८ मध्ये ती रेल्वे धावू लागली. तो अनुभव पदरी असलेली माणसं पुढे टर्मिनल ५ च्या करारामागे होती.

इथे एक सावधगिरीची सूचना. हा करार वाचून अनेकांना वाटतं, म्हणजे मालकाने मोठं मन दाखवलं. तसं नाही. जोखीम अंगावर घेतल्यावर ती रोज मोजत बसावी लागते. पुरवठादाराचं हिशेबाचं पुस्तक उघडून बघायची मुभा आणि ते वाचता येणारी माणसं, दोन्ही हवीत. ज्याच्याकडे ती नाहीत त्याने असा करार केला तर तो फक्त लुटला जाईल.

यॉर्कशरमध्ये उभारलेलं छप्पर

या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग. टर्मिनल ५ चं छप्पर म्हणजे १५६ मीटर रुंदीची एकच कमान, मध्ये खांब नाही, लांबी जवळपास चारशे मीटर. नेहमी असं छप्पर उंच क्रेननी उचलून बसवतात. पण जागा दोन चालू धावपट्ट्यांच्या मधली. क्रेन एका मर्यादेपलीकडे उंच गेली की विमानतळाच्या रडारला अडथळा. म्हणून छपराचे तुकडे जमिनीवर जोडायचे आणि मग जॅक लावून वर चढवायचे असं ठरलं.

असं काम आधी कुणी त्या गटात केलेलं नव्हतं. मग त्यांनी काय केलं? हीथ्रोपासून शेकडो किलोमीटर दूर, यॉर्कशरमधल्या थर्स्क गावाजवळ, पोलादाचं काम करणाऱ्या कंपनीच्या आवारात छपराच्या आधाराचा एक भाग खराखुरा उभारून पाहिला. तोच आकार, तीच जोडणी, तीच माणसं. नाटकवाले जिला रंगीत तालीम म्हणतात ती हीच: वेश, प्रकाश, नेपथ्य सगळं खरं, फक्त प्रेक्षक नाहीत. या तालमीतून सुमारे १४० अडचणी सापडल्या. कुठे दोन तुकडे बसत नव्हते, कुठे हात पोचत नव्हता, कुठे कामाचा क्रम चुकत होता. प्रत्येकीवर उपाय लिहून मगच गडी हीथ्रोला आले.

दोन विमानं उडतात त्या फटीत जी अडचण समोर आली असती, ती मोकळ्या आवारात आली. तालमीचा खर्च कुणालाही डोळ्यांत भरेल असा होता. एकच वस्तू दोनदा उभारायची, तीही एकदा मोडून टाकण्यासाठी! कोणत्याही अंदाजपत्रकाच्या बैठकीत सगळ्यात आधी काट मारली जाईल अशी ही बाब. बीएएने ती मारली नाही, कारण जोखीम त्यांच्याच खिशात होती आणि हिशेब त्यांनाच करायचा होता. करार आणि तालीम या दोन वेगळ्या चांगल्या गोष्टी वाटतात, पण पहिलीमुळे दुसरी शक्य झाली.

बाकीच्या कामांतही हाच बाणा दिसतो. ओढ्यांएवढ्या दोन नद्या वळवल्या. नवा नियंत्रण मनोरा ८७ मीटर उंचीचा. त्याचा माथा दुसरीकडे बांधून, धावपट्टीच्या परिसरातून रात्री हलवून जागेवर आणला. माल साठवायला जागा नव्हती म्हणून सळयांचे पिंजरे हीथ्रोजवळच्या कोलनब्रुक गावातल्या आवारात आधीच बांधून लागतील तसे आणले. प्रत्येक ठिकाणी एकच विचार: जिथे चूक महाग आहे तिथे पहिल्यांदा करायचं नाही.

शेवटचे सहा महिने

आता तारखेबद्दल. टर्मिनल मार्च २००८ च्या अखेरीस उघडायचं हे बांधकामाच्या सुरुवातीपासून ठरलेलं होतं. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं. २००८ मध्ये तो ३० मार्चला येत होता. तारीख अशी बाहेरच्या जगाला बांधलेली असली की तिचा धाक चांगला असतो. सहा वर्षं या तारखेने सगळ्यांना एका रेषेत ठेवलं. कामं मागे जात नव्हती असं नाही, पण मागे गेलेलं काम भरून काढलं जायचं, तारीख हलायची नाही.

आराखडा असा होता: सप्टेंबर २००७ च्या मध्यात इमारत तयार होईल, मग सहा महिने चाचण्या. या सहा महिन्यांत साठहून अधिक मोठ्या चाचण्या झाल्या. सुमारे पंधरा हजार स्वयंसेवक खोटे प्रवासी बनून आले, खोट्या तिकिटांवर चेक-इन करून, सामान टाकून, खोट्या विमानांकडे गेले. कागदावर पाहिलं तर हीसुद्धा थर्स्कसारखीच तालीम.

पण सप्टेंबरमध्ये इमारत पूर्ण तयार नव्हती. काही भागांत कामगार अजून काम करत होते. त्यामुळे काही चाचण्या रद्द झाल्या, काही आवरत्या घेतल्या, काही अर्ध्या जागेत उरकल्या. ब्रिटिश एअरवेजचे प्रमुख विली वॉल्श यांनी मे २००८ मध्ये संसदेच्या परिवहन समितीपुढे हे स्वच्छ कबूल केलं. बांधकाम लांबल्यामुळे चाचण्यांशी तडजोड झाली, कर्मचाऱ्यांना इमारतीची ओळख करून देण्यात कमी पडलो, असं त्यांचं म्हणणं होतं.

यातली खोच अशी की बांधकाम मागे गेलं तरी मार्चची तारीख मागे गेली नाही. मग मधला वेळ आला कुठून? चाचण्यांतून. जगातला प्रत्येक प्रकल्प असाच आवळला जातो. आरंभीच्या कामाला उशीर झाला की शेवटच्या कामाचा वेळ खाल्ला जातो, कारण शेवटच्या कामाचा वाली त्या बैठकीत नसतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला नको. तिथे चाचणी करणाऱ्यांच्या वाट्याला कायम उरलेले दिवस येतात.

आणि स्वयंसेवकांच्या तालमीत आणखी एक उणीव होती. तिथे तालीम झाली मुख्यतः प्रवाशांची. खोटे प्रवासी हजारोंनी आले. पण बॅगा उतरवणारा, गाडी लावून कामावर येणारा, सुरक्षा तपासणीतून रोज आत जाणारा, मोबाइल यंत्रावर आपलं नाव टाकून काम सुरू करणारा माणूस? नाटकात प्रेक्षकांची तालीम घेऊन नटांना थेट पडदा उघडल्यावर रंगमंचावर ढकलावं, तसं काहीसं झालं.

या काळात आणखी एक गोष्ट घडली होती, जी चौकशीच्या गदारोळात मागे पडते. २००६ मध्ये स्पेनच्या फेरोव्हियल कंपनीने बीएए विकत घेतली. वरिष्ठ माणसं बदलली. बोगदा कोसळलेला ज्यांनी पाहिला होता, डेन्व्हर आणि हाँगकाँगचे अहवाल ज्यांनी वाचले होते, त्यांतले किती त्या शेवटच्या हिवाळ्यात निर्णयाच्या टेबलाशी उरले होते? अभ्यास फायलीत राहतो, पण फाइल उघडायची आठवण माणसालाच होते.

गुरुवार

पहाटे कर्मचारी आले तेव्हा त्यांना गाडी लावायला जागा मिळेना. कुठे लावायची तेच नीट माहीत नव्हतं. जागा सापडली तर पुढे कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा तपासणीला रांग. तिथून सुटले तर इमारतीत आपलं ठिकाण कुठे, ते सापडेना. मग संगणकावर नाव टाकायला गेले तर काहींना यंत्रणा आतच घेईना. ठिकठिकाणी वायरलेस नेटवर्क नीट लागत नव्हतं, त्यामुळे हातातली यंत्रं मुकी. काही लिफ्टही बंद होत्या.

यातली एकही अडचण एकेकटी मोठी नव्हती. गाडी लावायला वीस मिनिटं जास्त लागली म्हणून विमानतळ बंद पडत नाही. पण बॅगांच्या यंत्रणेची तऱ्हा वेगळी आहे. तासाला बारा हजार बॅगा हाताळायची क्षमता असलेले ते पट्टे एका टोकाला माल घेतात तो दुसऱ्या टोकाला कुणीतरी उचलेल या भरवशावर. उचलणारा माणूस तपासणीच्या रांगेत उभा. पट्टा भरला. भरलेला पट्टा थांबला. मागचा पट्टा त्यामुळे थांबला. न्हाणीघराची मोरी तुंबली की पाणी मागे सरकत घरभर येतं, तसं हे तुंबणं मागे सरकत चेक-इनच्या काउंटरपर्यंत आलं.

त्यावर कळस झाला तो एका विसरलेल्या चाळणीचा. चाचण्या चालू असताना बॅगांच्या यंत्रणेतून खोट्या बॅगांचे संदेश तयार व्हायचे. ते हीथ्रोच्या बाकीच्या चालू यंत्रणांत घुसू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चाळण्या बसवल्या होत्या. शहाणपणाचंच काम. पण टर्मिनल उघडलं तेव्हा त्या काढायच्या राहिल्या. परिणाम असा की दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून येऊन ब्रिटिश एअरवेजच्या विमानात चढायच्या बॅगांची माहिती टर्मिनल ५ पर्यंत पोचेना. यंत्रणेला ती बॅग ओळखू येईना, मग ती बाजूला काढून हाताने वर्गवारी करायला पाठवली जाई. हाताने वर्गवारी करायला माणसं कुठे होती?

चाचणीसाठी केलेली तात्पुरती सोय काढायची राहून जाणं ही चूक कुठल्याही कामात होते. ती टाळायचा उपाय हुशारी नाही, एक साधी यादी आहे: तात्पुरतं काय काय बसवलं, कुणी बसवलं, ते कुणी आणि कधी काढायचं. आणि ते काढल्यानंतर एक पूर्ण तालीम खऱ्या अवस्थेत. दुसरी अट महत्त्वाची, कारण चाळणी असलेल्या यंत्रणेच्या कितीही चाचण्या घेतल्या तरी चाळणी नसलेली यंत्रणा कशी वागेल ते त्यातून कळत नाही. चाचण्यांचे दिवस आवळले गेल्यावर पहिला बळी जातो तो याच शेवटच्या तालमीचा.

आणि जबाबदारी? बांधकामात जोखमीचा खिसा एकच होता. त्या गुरुवारी तो फाटून दोन झाले. इमारत, लिफ्ट, पट्टे, कर्मचाऱ्यांची सुरक्षा तपासणी बीएएची. चेक-इन, बॅगा उतरवणारी माणसं, त्यांचं प्रशिक्षण ब्रिटिश एअरवेजचं. अडचणी नेमक्या दोघांच्या सांध्यावर होत्या. संसदेच्या परिवहन समितीचा अहवाल नोव्हेंबर २००८ मध्ये आला. राष्ट्राला अभिमान वाटावा असा प्रसंग नामुष्कीचा ठरला, असं समितीने म्हटलं, आणि मालक व विमान कंपनी यांच्यातला संवाद तोकडा पडल्याचं नोंदवलं. ज्या करारामुळे सहा वर्षं 'चूक कुणाची' हा प्रश्न उठला नाही, तो करार बांधकामाच्या पुरवठादारांशी होता. टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीशी तसा काही नव्हता.

त्या टेबलाशी आपण असतो तर

हे प्रकरण वर्गात चर्चेला घेतलं की बहुतेक जण म्हणतात, उद्घाटन पुढे ढकलायला हवं होतं. मला हे उत्तर फार सोपं वाटतं. जानेवारी २००८ मध्ये त्या टेबलाशी बसलेल्या माणसापुढे काय होतं ते पाहा. राणीचं आमंत्रण गेलेलं. हजारो उड्डाणांची तिकिटं नव्या टर्मिनलच्या नावाने विकलेली. जुन्या टर्मिनलमधली जागा दुसऱ्या कंपन्यांना द्यायचं ठरलेलं. उन्हाळी वेळापत्रक ठरलेलं. सहा वर्षं तारीख पाळल्याचा लौकिक. आणि समोर चाचण्यांचे अहवाल, ज्यांत काही लाल खुणा आहेत, पण प्रत्येकीपुढे 'काम चालू आहे' लिहिलेलं. अशा वेळी ढकला म्हणणारा माणूस वेडा ठरतो.

म्हणून प्रश्न जानेवारीत विचारायचाच नाही. तो दोन वर्षं आधी विचारायचा, जेव्हा कुणाचीच अब्रू पणाला लागलेली नसते. उघडायचं की नाही हे कोणत्या पाच-सहा गोष्टींवर ठरवायचं? प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या जागी किमान किती वेळा पूर्ण पाळी केलेली हवी? खऱ्या अवस्थेतली तालीम किती दिवस आधी झालेली हवी? ती झाली नाही तर आपोआप काय होईल? आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार कुणाकडे, ज्याचा बोनस त्या तारखेला बांधलेला नाही? या अटी लिहून ठेवल्या असतील तर जानेवारीत धाडसाची गरज उरत नाही, फक्त यादी वाचावी लागते. थर्स्कमध्ये जे पोलादासाठी केलं ते इथे निर्णयासाठी करायचं होतं.

ढकलणं आणि रेटणं यांच्यामध्ये तिसरी वाटही होती, आणि गंमत म्हणजे ती अर्धवट आराखड्यात होतीच. लांब पल्ल्याची उरलेली उड्डाणं टर्मिनल ४ मधून एप्रिलच्या अखेरीस हलवायची होती, पहिल्याच दिवशी नाही. म्हणजे टप्पे करायचे हे सुचलं होतं. पण पहिला टप्पाच इतका मोठा होता की त्यात चूक पचवायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी दहावा हिस्सा उड्डाणं आणली असती तरी गाड्यांची जागा अपुरी पडली असती, नाव टाकता आलं नसतं, चाळणी तशीच असती. फरक एवढाच पडला असता की पट्टे तुंबले नसते आणि चाळणी विसरल्याचं संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं.

उलट बाजूही मांडायला हवी. टप्प्याटप्प्याने हलवणं स्वस्त नसतं. दोन्हीकडे माणसं ठेवावी लागतात, बॅगा टर्मिनलांच्या मध्ये फिरवाव्या लागतात, प्रवासी चुकीच्या दारी जातात. एका रात्रीत हलवणाऱ्यांकडेही त्यांची कारणं असतात आणि ती मूर्खपणाची नसतात. तुलना मात्र त्या खर्चाची 'सगळं सुरळीत पार पडलं तर' या चित्राशी होते. ती व्हायला हवी मिलानला निघालेल्या ट्रकशी.

पुढे काय झालं

एप्रिल २००८ मध्ये ब्रिटिश एअरवेजचे दोन वरिष्ठ संचालक पायउतार झाले. टर्मिनल ४ मधली उड्डाणं एप्रिलऐवजी जूनपासून थोडी थोडी हलवली गेली आणि हे काम ऑक्टोबरपर्यंत चाललं. तोपर्यंत टर्मिनल रुळलं होतं. पुढे काही वर्षांनी प्रवाशांच्या पाहणीत टर्मिनल ५ ला जगातलं सर्वोत्तम टर्मिनल म्हणून एकाहून अधिक वेळा निवडलं गेलं. इमारत तीच, पट्टे तेच.

हीथ्रोवर पुढचं मोठं उद्घाटन झालं ४ जून २०१४ ला, नव्या टर्मिनल २ चं. त्याआधी हजारो स्वयंसेवक घेऊन चाचण्या झाल्या. पहिल्या दिवशी तिथे एकाच विमान कंपनीची, युनायटेडची, उड्डाणं होती, टर्मिनलच्या क्षमतेच्या जेमतेम दहा टक्के. बाकीच्या कंपन्या पुढच्या काही महिन्यांत एकामागून एक आल्या. त्या दिवशीच्या बातम्यांत सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही.